एकेश्वरवाद हा शब्द आला कुठून?

आपल्यातल्या बहुतेकांना हा शब्द भेटला तो इतिहासाच्या पुस्तकात, प्रार्थना समाजाच्या धड्यात, आणि दोन मार्कांपुरता पाठ करून आपण तो विसरलो. म्हणूनच असेल, कितीतरी जण अजून 'ऐकेश्वरवाद' लिहितात. एक अधिक ईश्वर, अ आणि ई मिळून ए होतो, बास. 'ऐ' तो ऐक्यातला.

अर्थ सोपा वाटतो पण घोळ तिथेच आहे. 'आमच्या घरात फक्त खंडोबा' म्हणजे एकेश्वरवाद नाही, कारण शेजाऱ्यांच्या भवानीला तुम्ही खोटं म्हणत नाही, उलट नवरात्रात जाऊन ओटी भरून येता. देव एकच, दुसरा नाहीच, असं ठाम म्हणणं म्हणजे एकेश्वरवाद. आणि अद्वैत हे तिसरंच, तिथे देव आणि भक्त असे दोन उरतच नाहीत.

मग कोणीतरी 'एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति' फेकतंच, म्हणजे जे आहे ते एकच, जाणते त्याला अनेक नावांनी सांगतात. ऋग्वेदातलं आहे, खरंय, पण त्यात 'सत्' आहे, ईश्वर नाही. मला त्यापेक्षा बृहदारण्यक उपनिषदातला शाकल्य आवडतो. तो याज्ञवल्क्य ऋषींना विचारतो देव किती, उत्तर येतं 3306, हा परत विचारतो, मग 33, मग 6, 3, 2, मग चक्क दीड, आणि शेवटी एक! भाजीवाल्याशी घासाघीस चालावी तसं. पण तो एक म्हणजे प्राण, ब्रह्म. आकाशात बसून न्याय करणारा नव्हे.

मराठी मुलखात एकेश्वरवादाच्या जवळ जाणारा म्हणजे महानुभाव पंथ. तेराव्या शतकात चक्रधरांनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार वेगळे मानले, देवता आहेत पण मोक्ष त्यांच्या हातात नाही, तो एकट्या परमेश्वराच्या. शब्द मात्र 'परमेश्वर'च.

'एकेश्वरवाद' मराठीत रुळला तो एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांशी वाद रंगले तेव्हा. ते म्हणायचे तुमचे देव ढीगभर, मग इंग्रजी शिकलेल्या मंडळींना स्वतःचं काहीतरी उत्तर हवं झालं. 1849 च्या सुमारास मुंबईत एकच देव मानणारी, जात न मानणारी परमहंस सभा निघाली, ती गुपचूप चालायची आणि सदस्यांची यादी फुटल्यावर मोडली. 1864 मध्ये बंगालच्या ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन मुंबईत येऊन गेले आणि 1867 मध्ये आत्माराम पांडुरंगांनी प्रार्थना समाज काढला, पुढे रानडे, भांडारकर आले. मूर्ती नाही, पण उपासनेत तुकोबांचे अभंग. घरी मात्र जुने विधी चालू ठेवायला बंदी नव्हती, आणि त्यावरून टोमणेही भरपूर बसले. विठ्ठल रामजी शिंदे वगैरे मंडळींच्या लिखाणात 'एकेश्वरी' असं विशेषणही दिसतं, आणि ते मला 'वाद'वाल्या शब्दापेक्षा जास्त मराठी वाटतं.

जोतीराव फुल्यांचा मार्ग वेगळा. देव एकच हे त्यांनाही मान्य, पण ईश्वर, ब्रह्म या शब्दांना चिकटलेली पोथी आणि पुरोहित त्यांना नको होते. म्हणून 'निर्मिक', ज्याने निर्माण केलं तो. 1873 चा सत्यशोधक समाज या निर्मिकावर उभा राहिला, त्याच्या आणि माणसाच्या मधे भटजी नको म्हणून सत्यशोधकांनी लग्नंसुद्धा भटजीशिवाय लावली.