अभिजात वेस्टर्न चित्रपटाचा रिमेक आणि त्याची प्रतीक्षा

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर घडणाऱ्या आणि प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिलेल्या एखाद्या जुन्या चित्रपटाची नव्याने निर्मिती होणार अशी घोषणा झाली, की चित्रपट पडद्यावर येण्याआधीच त्याच्याविषयी मते बनू लागतात. जुन्या नटाची जागा कोण घेणार, शेवट बदलणार का, मूळ संगीत राहणार का, हे प्रश्न कोणत्याही रिमेकबाबत विचारले जातात. अशा, म्हणजे वेस्टर्न, चित्रपटांबाबत त्यांना अधिक धार असते. १९७० च्या दशकानंतर हॉलिवूडमध्ये वेस्टर्न चित्रपटांची संख्या झपाट्याने रोडावली आणि १९८० मध्ये ‘हेवन्स गेट’ हा अतिखर्चिक चित्रपट साफ कोसळल्यावर मोठ्या निर्मितीसंस्था या प्रकारापासून दूरच राहिल्या. त्यामुळे पुढे आलेल्या प्रत्येक रिमेककडे, हा चित्रप्रकार अजून जिवंत आहे की नाही याची कसोटी म्हणून पाहिले गेले.

अशा प्रतीक्षेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘ट्रू ग्रिट’. चार्ल्स पोर्टिस या आर्कान्सॉच्या लेखकाची या नावाची कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी हेन्री हॅथवे यांच्या दिग्दर्शनाखाली तिच्यावर चित्रपट निघाला. वडिलांचा खून करून पळालेल्या टॉम चेनीला शासन व्हावे म्हणून मॅटी रॉस ही चौदा वर्षांची मुलगी फोर्ट स्मिथ येथे येते, रूस्टर कॉगबर्न नावाच्या एकाक्ष, दारुड्या मार्शलला (सरकारी कायदा अंमलदाराला) पैसे देऊन कामाला लावते आणि टेक्सासचा रेंजर ला बीफ याच्यासह तिघे जण इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, चेनीच्या शोधात निघतात, असे हे कथानक आहे. कॉगबर्नच्या भूमिकेसाठी जॉन वेन यांना त्यांच्या कारकिर्दीतील एकमेव अभिनयाचे ऑस्कर मिळाले, आणि त्यानंतर ही भूमिका व हा नट यांना वेगळे काढणे प्रेक्षकांना जवळजवळ अशक्य झाले. १९७५ मध्ये वेन यांनी ती दुसऱ्या एका चित्रपटात पुन्हा साकारली, त्यामुळे ही एकरूपता आणखी पक्की झाली.

जोएल आणि ईथन कोएन हे बंधू ‘ट्रू ग्रिट’ पुन्हा करणार असल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा आशा आणि धास्ती दोन्हींना सबळ कारणे होती. त्यांच्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ला (२००७) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले होते आणि पश्चिम टेक्सासचा उजाड मुलूख त्यात विलक्षण ताकदीने उतरला होता. मात्र एका जुन्या ब्रिटिश विनोदी चित्रपटाचा त्यांनी २००४ मध्ये केलेला रिमेक समीक्षकांना रुचला नव्हता. कॉगबर्नसाठी निवड झालेले जेफ ब्रिजेस त्याच सुमारास ‘क्रेझी हार्ट’साठी ऑस्कर मिळवून आले होते. म्हणजे वेन यांच्या जागी तोलामोलाचा नट येत होता, तरीही वेन यांच्याशी होणारी तुलना टळणारी नव्हती. या तुलनेला कोएन बंधूंनी दिलेले उत्तर ठाम होते: आपण जुना चित्रपट पुन्हा करत नसून पोर्टिस यांची कादंबरी पडद्यावर आणत आहोत.

हे उत्तर निव्वळ प्रसिद्धीपुरते नव्हते, याची साक्ष चित्रपटातच सापडते. कादंबरी ही म्हाताऱ्या मॅटीने अनेक दशकांनंतर सांगितलेली हकीकत आहे. हॅथवे यांनी ही निवेदिका गाळली होती आणि वडिलांचा घरून निरोप घेण्याचा प्रसंग दाखवून सुरुवात केली होती. कोएन बंधूंनी प्रौढ मॅटीचा आवाज परत आणला आणि बर्फात पडलेल्या वडिलांच्या देहापासून चित्रपट सुरू केला. जुन्या चित्रपटात किम डार्बी यांनी एकविसाव्या वर्षी, आखूड केसांत मॅटी साकारली होती. नव्यात मोठ्या शोधानंतर निवडलेल्या हेली स्टाइनफेल्ड चित्रीकरणाच्या वेळी तेरा वर्षांच्या होत्या, त्यामुळे घोडेव्यापाऱ्याशी हुज्जत घालणाऱ्या पोरीच्या बोलण्यातला पोक्तपणा आणि तिचे कोवळे वय यांतील अंतर पडद्यावर आपोआप उभे राहिले. जुन्या चित्रपटाचे चित्रीकरण कोलोरॅडोच्या उंच पर्वतांत, पिवळ्या पडलेल्या अ‍ॅस्पेन वृक्षांत झाले होते. ती दृश्ये देखणी असली, तरी कथेच्या मुलखाशी त्यांचे नाते नव्हते. नव्या चित्रपटासाठी न्यू मेक्सिको आणि टेक्सास निवडले गेले व छायाचित्रणकार रॉजर डीकिन्स यांनी हिवाळ्याचा करडा, निष्पर्ण प्रदेश टिपला.

लगाम दातांत धरून कॉगबर्न एकटाच चार दरोडेखोरांवर चालून जातो, त्या प्रसंगाची वाट तर जुन्या चित्रपटाचे चाहते विशेष उत्सुकतेने पाहत होते. वेन यांच्या एका हातात रायफल आणि दुसऱ्यात रिव्हॉल्व्हर होते. ब्रिजेस कादंबरीप्रमाणे दोन्ही हातांत रिव्हॉल्व्हर घेऊन दौडतात. डोळ्यावरची पट्टीही वेन यांनी डावीकडे, तर ब्रिजेस यांनी उजवीकडे बांधली. सर्वांत मोठा फरक शेवटात आहे. हॅथवे यांच्या मॅटीचा हात शाबूत राहतो, ला बीफ मरतो आणि कॉगबर्न घोड्यावरून कुंपण ओलांडून ऐटीत निघून जातो. कोएन यांच्या मॅटीला साप चावल्यामुळे हात गमवावा लागतो. पंचवीस वर्षांनी ती कॉगबर्नला भेटायला जाते, तेव्हा तो तीनच दिवसांपूर्वी वारल्याचे तिला कळते. हा शेवट वेन यांच्या चाहत्यांना कठोर वाटणे स्वाभाविक आहे, परंतु कादंबरीशी तोच अधिक इमान राखतो.

२२ डिसेंबर २०१० रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या या चित्रपटावर सुमारे ३.८ कोटी डॉलर खर्च झाले होते आणि जगभरातून त्याने २५ कोटी डॉलरांच्या आसपास उत्पन्न मिळवले. त्याला दहा ऑस्कर नामांकने मिळाली, पुरस्कार मात्र एकही नाही.

इतर रिमेकांचे अनुभव वेगवेगळे आहेत. जॉन फोर्ड यांच्या ‘स्टेजकोच’चा (१९३९) १९६६ मधील रिमेक मूळ चित्रीकरणाचे ठिकाण असलेली मॉन्युमेंट व्हॅली सोडून कोलोरॅडोत गेला आणि आज तो प्रामुख्याने मूळ चित्रपटाच्या संदर्भातच आठवला जातो. ‘३:१० टू युमा’चा (१९५७) जेम्स मॅन्गोल्ड यांनी २००७ मध्ये केलेला रिमेक रंगीत आणि अर्ध्या तासाने लांब होता. जुन्यात पकडलेल्या दरोडेखोराला आगगाडीपर्यंत पोहोचवणारा शेतकरी इव्हान्स वाचतो, नव्यात तो मारला जातो. ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) हा तर स्वतःच अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराई’चा (१९५४) रिमेक होता, अँटवॉन फुक्वा यांनी तो २०१६ मध्ये डेन्झेल वॉशिंग्टन यांना घेऊन पुन्हा केला. संगीतकार एल्मर बर्नस्टीन यांची १९६० च्या चित्रपटातील जगप्रसिद्ध धून ऐकण्याची प्रेक्षकांची अपेक्षा फुक्वा यांनी शेवटच्या श्रेयनामावलीत पुरी केली. १९६९ च्या ‘ट्रू ग्रिट’चे संगीतही बर्नस्टीन यांचेच होते. कोएन बंधूंनी ते पूर्णपणे बाजूला ठेवले, आणि कार्टर बरवेल यांनी मॅटीच्या धर्मनिष्ठ स्वभावाला साजेशा जुन्या ख्रिस्ती भजनांच्या चालींवर नवे संगीत रचले.