चमचाभर ब्रँडी आणि बाळाचा मेंदू: हे कळायला इतका उशीर का झाला

गेल्या पावसात मालवणात वहिनीच्या बाळाला सर्दी झाली, चार महिन्यांचं पोर, नाक चोंदलेलं, रात्रभर रडारड, तर काकीने कपाटातून ब्रँडीची बाटली काढली. "चमचो नाय गे, बोट बुडवून चाटव नुसता, सर्दी सुटतली." वहिनी नाही म्हणाली, मग घरात थोडं तापलं, शेवटी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली आणि बाटली परत कपाटात गेली. आता काकी काही अडाणी नाही, चार पोरं वाढवलीत तिने आणि तिला स्वतःला बाळंतपणात सासूने हेच दिलेलं. म्हणून मला वाटलं की यात मागे जाऊन बघावं, कारण दारू बाळाला वाईट हे कधी कळलं असं विचारलं तर उत्तर भलतंच जुनं निघतं.

1726 साली लंडनच्या डॉक्टरांच्या कॉलेजने संसदेला अर्ज केला होता. तेव्हा तिथे जिन ही दारू इतकी स्वस्त झालेली की गल्लोगल्ली वाहत होती, आणि डॉक्टर म्हणत होते की पिणाऱ्यांची पोरं अशक्त, रोगट जन्मतात. पुढे कर वाढले, कायदे आले, मुलांची गोष्ट मागे पडली.

मग 1899. विल्यम सलिव्हन नावाचा लिव्हरपूलच्या तुरुंगातला डॉक्टर, त्याच्यासमोर दारूच्या आहारी गेलेल्या बायका यायच्या. त्याने 120 जणींची माहिती काढली, त्यांना मिळून 600 मुलं झालेली, त्यातली 335 मेलेली जन्मली किंवा दोन वर्षांच्या आत गेली. बरं, गरिबीमुळे गेली असतील असं कोणी म्हणेल म्हणून त्याने याच बायकांच्या न पिणाऱ्या 28 नातेवाईक बायका बघितल्या, तर तिथे 138 मध्ये 33. आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे ज्यांचे गरोदरपणाचे महिने तुरुंगात, म्हणजे दारूविना गेले, त्यांतल्या काहींची मुलं धड जगली हेही त्याने टिपलं. म्हणजे दोष रक्तात नव्हता, बाटलीत होता. एवढं स्पष्ट असून पुढची सत्तरएक वर्षं कोणी मनावर घेतलं नाही. अमेरिकेत 1933 ला दारूबंदी उठल्यावर तर दारूविरुद्ध काही बोललं की लोकांना ते कीर्तन वाटायला लागलं, डॉक्टरांनाही.

उलट 1960 च्या दशकात न्यूयॉर्कच्या फ्रिट्झ फुक्स या डॉक्टरने वेळेआधी कळा सुरू झालेल्या बायकांना चक्क अल्कोहोलचं सलाईन लावायची पद्धत आणली, कळा थांबाव्यात म्हणून! ती 1970 च्या दशकातही चालू होती. तेव्हा काकीला कशाला हसा.

1968 ला फ्रान्समध्ये नांत शहरात पॉल लेम्वान यांनी दारू पिणाऱ्या आईबापांच्या 127 मुलांबद्दल लिहिलं, पण ते फ्रेंचमध्ये, तिथल्याच एका छोट्या मासिकात, फारसं कोणी वाचलं नाही. खरा धक्का 1973 चा. सिएटलमध्ये क्रिस्टी उललँड या शिकाऊ बालरोग डॉक्टरच्या लक्षात आलं की वजन न वाढणाऱ्या काही बाळांच्या आया खूप पिणाऱ्या आहेत. मग केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी अशी मुलं शेजारी शेजारी बसवून बघितली. छोटे डोळे, पातळ वरचा ओठ, नाकाखालची खाच सपाट, डोकं लहान, सगळी एकमेकांची भावंडं वाटावीत अशी. लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आठ मुलांवर लेख आला आणि या प्रकाराला नाव मिळालं, फीटल अल्कोहोल सिंड्रोम, म्हणजे पोटात असताना दारूमुळे बाळात राहिलेले दोष. चेहरा हे नुसतं वरचं लक्षण, आत मेंदूच नीट घडलेला नसतो.

ते का होतं हे पुढे उंदरांवर कळलं. आईने प्यायलेलं वारेतून सरळ बाळात जातं, आणि बाळाचं लिव्हर ते पचवायला तयारच नसतं. 1981 ला कॅथलीन सुलिक यांनी गाभण उंदरीणीला सातव्या दिवशी अल्कोहोल दिलं आणि पिल्लांचे चेहरे तसेच निघाले. तो सातवा दिवस म्हणजे माणसातला साधारण तिसरा आठवडा, तेव्हा कित्येक बायकांना दिवस गेलेत हेही माहीत नसतं. 2000 साली जॉन ओल्नी यांच्या टीमने तर जन्मलेल्या पिल्लांना दिलं, मेंदूतल्या पेशी एकमेकींशी ज्या सिग्नलवर बोलतात ते काही तास बंद पडले आणि लाखो पेशी आपोआप मेल्या. तो डोस मोठा होता, बोटभर ब्रँडीने लगेच असं होतं असं मी म्हणत नाहीये. पण इथपर्यंत चालेल अशी सुरक्षित रेषा कोणालाच आखता आलेली नाही, आणि माणसाच्या बाळाचा मेंदू जन्मानंतरही दोनतीन वर्षं भराभर वाढत असतो.

मग आपल्याकडे दारू म्हणजे औषध ही कल्पना आली कुठून? माडी, ताडी तर कोकणात कायमचीच, भंडारी माडावर चढतायत पिढ्यानपिढ्या, पण सरकारने दारूकडे बघितलं ते पैशासाठी. 1878 चा अबकारी कायदा, झाडामागे कर, 1892 ला ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यात दारू गाळायच्या मोहाच्या फुलांवर बंधनं. 1949 चा दारूबंदी कायदा आला तो नीतीच्या नावाने, आणि त्यातला दारू प्यायचा परवाना अजूनही मिळतो तो काय म्हणून, तर आरोग्य राखण्यासाठी! बाळांसाठीचं ग्राइप वॉटरसुद्धा बघा, विल्यम वुडवर्डने 1851 मध्ये नॉटिंगहॅमला काढलेल्या मूळ औषधात 3.6 टक्के अल्कोहोल होतं, ब्रिटनमध्ये ते काढायला 1992 उजाडलं. (आताचं बिनअल्कोहोलचं असतं, घाबरू नका.)

आणि "आपल्याकडे बायका कुठे पितात" हे पण ऐकवतात लोक. मुंबईत नोकरी करणारी चिपळूणची मुलगी वाईन घेते, त्यात लपवण्यासारखं तिला काही वाटत नाही, पण दिवस राहिल्यावर सांगणारं कोण आहे तिला? दरवर्षी 9 सप्टेंबरला, म्हणजे नवव्या महिन्याच्या नऊ तारखेला, जगात गरोदरपणातल्या दारूच्या धोक्याचा दिवस पाळतात, 1999 पासून, नऊ महिन्यांची आठवण म्हणून. आपण तेव्हा गणपतीच्या गडबडीत.

फ्रान्समध्ये बाटलीवर गरोदर बाईचं चिन्ह 2007 पासून सक्तीचं आहे. आपल्याकडे 2019 पासून जी सूचना छापतात त्यात दारू आरोग्याला घातक आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढंच. काकीच्या कपाटातल्या बाटलीवरही गाडीचंच लिहिलंय. काकीला सायकलपण येत नाही.