‘डेड मॅन्स पेनी’ : टेबलावरच्या कांस्यचकतीमागचा इतिहास

लाकडी स्टँडवर बसवलेली, १२० मिलिमीटर व्यासाची कांस्याची चकती ब्रिटनमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात वारंवार दिसते. कुणी ती पेपरवेट म्हणून वापरलेली असते, कुणी भोक पाडून भिंतीवर लावलेली. मुळात मात्र ती पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकाच्या घरी सरकारने पाठवलेली स्मृतिचकती.

ही कल्पना पुढे आली १९१६ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना. पुढच्या वर्षी खुली स्पर्धा झाली आणि ८०० हून अधिक आराखडे आले. लिव्हरपूलचे शिल्पकार एडवर्ड कार्टर प्रेस्टन यांना पहिले, २५० पौंडांचे बक्षीस मिळाले. हातात लॉरेलच्या पानांची माळ घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक मानलेली स्त्री, शेजारी सिंह, दोन डॉल्फिन आणि खाली गरुडाला फाडणारा छोटा सिंह, असे हे चित्र. कडेने ‘स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी त्याने प्राण दिले’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य. ब्रिटानियामुळे ती त्या काळच्या पेनी नाण्यासारखी दिसे, म्हणून लोकांनी तिला ‘डेड मॅन्स पेनी’, म्हणजे मेलेल्याची पेनी, हे कडवट नाव दिले.

डिसेंबर १९१८ मध्ये लंडनच्या अ‍ॅक्टनमध्ये ओतकाम सुरू झाले, पुढे ते वुलिचच्या शस्त्रागारात गेले. एकूण साडेतेरा लाखांच्या आसपास चकत्या निघाल्या. साम्राज्यभरातल्या सैनिकांच्या घरी त्या गेल्या, त्यांत हिंदुस्थानी सैनिकांची घरेही होती. स्त्रियांसाठीच्या, ‘तिने प्राण दिले’ असे लिहिलेल्या, जेमतेम ६०० वाटल्या गेल्या.

चकतीचा प्राण म्हणजे चित्रातल्या आयताकृती चौकटीतले मृताचे नाव. त्याची अक्षरे ओतीव, उठावाची असतात, कोरलेली नसतात. हुद्दा मुद्दाम गाळला आहे, मरणात शिपाई आणि जनरल सारखेच म्हणून. खोटेपणाही इथेच पकडता येतो. जुने नाव घासून दुसरे घातले असेल, तर आयताचा तळ आजूबाजूपेक्षा खोल जातो किंवा अक्षरे खोदलेली दिसतात. मूळ चकतीवरून साचा घेऊन ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, त्यामुळे व्यास एक-दोन मिलिमीटर कमी भरतो आणि बारकावे बोथट होतात. व्यास मोजायला कॅलिपर जवळ ठेवावाच.

सर्वांत मोठे नुकसान प्रेमापोटी झालेले आहे. कित्येक घरांत चकती वर्षानुवर्षे धातूच्या पॉलिशने चकचकीत केली गेली, आणि ब्रिटानियाचा चेहरा व नावाची अक्षरे झिजून गुळगुळीत झाली. तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, तो राहू द्यावा. मऊ कोरडे फडके पुरते. फिकट हिरवी भुकटी धरली असेल तर ते क्लोराइडमुळे चाललेले क्षरण असते. दमट जागेतून चकती लगेच हलवावी आणि जाणत्या संवर्धकाला दाखवावी.

हुद्दा नाही, पलटणीचा क्रमांकही नाही. त्यामुळे ‘जॉन स्मिथ’ नावाची सुटी चकती नेमकी कुणाची हे बहुधा कळत नाही. सोबतचे राजाचे पत्र, स्मृतिपत्र, पदके किंवा मूळ पुठ्ठ्याचे पाकीट असेल तर ते चकतीपासून कधीही वेगळे करू नये. स्मृतिपत्रावर हुद्दा आणि पलटण असते, पदकांच्या कडेवर बहुधा सैनिकाचा क्रमांकही.