जुन्या मिलच्या शेडमध्ये ऑफिस-गोडाऊन, पण ती शेड अशी का बांधली होती?

सोलापुरात बंद मिलच्या शेडचं काय करायचं हा विषय निघाला की लोक लगेच जागेच्या भावावर येतात, माझं म्हणणं एवढंच की आधी ती शेड मुळात काय आहे ते बघा.

रेल्वे १८६० ला आली आणि १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग म्हणजे आपली जुनी मिल चालू झाली. ऐन दुष्काळ होता, खेड्यापाड्यातली माणसं कामाला आली, तेलंगणातून पद्मशाली या विणकर समाजाची मंडळीही येत गेली. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल, आणि अख्खं गाव भोंग्यावर चालायला लागलं. १९३० च्या मार्शल लॉच्या, म्हणजे इंग्रजांनी शहरावर लावलेल्या लष्करी कायद्याच्या वेळी रस्त्यावर उतरलेल्यांत मिलचे कामगार किती होते हे इथे वेगळं सांगायला नको.

आता शेड बघा. छप्पर करवतीच्या दातांसारखं, प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि ती उत्तरेकडे, म्हणजे वर्षातला बराच काळ थेट ऊन आत येत नाही पण उजेड भरपूर, तुटलेला धागा डोळ्याला दिसायचा. खाली बिडाचे खांब ओळीने, मध्ये भिंती नाहीत कारण साचे म्हणजे माग रांगेत लावायचे असायचे. गोडाऊनला, शिलाईच्या मशीनींना, ऑफिसला आजही हेच तर लागतं! अडचण हवेची आहे, कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून आत मुद्दाम दमट ठेवायचे, खेळती हवा हा विचारच नव्हता, आणि मे महिन्यात चाळिशीच्या वर पारा गेला की त्या छताखाली माणूस बसवायचा तर इन्सुलेशन आणि एक्झॉस्टचा खर्च आधी धरावाच लागतो.

जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात, चादर आणि टॉवेल पॉवरलूमवर गेले. मुंबईत १९९१ च्या विकास नियमांनी मिलच्या जमिनी मोकळ्या व्हायला लागल्या, लोअर परळला फिनिक्स मिलचा मॉल झाला तरी चिमणी ठेवली. आपल्याकडे जाम मिलच्या कंपनीने तर नावातच रियल्टी घेतलं आणि जागा भाड्याने द्यायचा धंदा धरला, मला तो रस्ता पटतो. शेड पाडून प्लॉट पाडले की खांब भंगारात जातात आणि तसा उजेड देणारं छप्पर परत कोणी बांधत नाही, म्हणून पाडायची परवानगी मागण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट करून कुठले खांब, कुठलं छप्पर अजून धड आहे ते तरी कागदावर आणा.