गोबरगॅसमधलं न जळणारं ओझं

गोबरगॅसमध्ये साधारण 60 टक्के मिथेन आणि 40 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. हे झालं आकारमानाचं. वजन करायला गेलं तर चित्र उलटतं. कार्बन डायऑक्साइडचा रेणू मिथेनच्या पावणेतीनपट जड, त्यामुळे वजनात जवळपास दोन तृतीयांश वाटा न जळणाऱ्या वायूचाच भरतो. शेगडीवर याचं कुणाला काही वाटत नाही. सिलिंडरमध्ये भरून गाडी चालवायची म्हटली की हे ओझं जाणवतं.

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात 1897 सालीच मैल्याच्या टाक्यांवर गॅस जमवला जाऊ लागला. पुढे खादी आयोगाच्या तरंगत्या टाकीने तो खेडोपाडी नेला. पण तो जळायचा कच्चाच, म्हणजे कार्बन डायऑक्साइड न काढता.

वायू धुण्याची युक्ती अमेरिकेतली. 1930 साली रॉबर्ट बॉटम्स यांना अमाइनच्या द्रावणाचं पेटंट मिळालं. अमोनियाच्या कुळातली ही रसायनं कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवतात, मिथेनला शिवत नाहीत, आणि 120 अंशांच्या आसपास तापवली की धरलेलं सोडून देतात. खोट एवढीच की द्रावणात बहुतेक पाणीच. दर फेरीला ते सगळं तापवायचं, पुन्हा थंड करायचं. शिवाय लोखंड गंजतं ते वेगळंच.

कोळशाची वाट याहून जुनी. कोळसा वायू शोषतो हे रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी 1773 मध्येच पाहिलं होतं. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचावाच्या मुखवट्यांसाठी नारळाच्या करवंट्यांचा कोळसा वापरला गेला. एक ग्रॅम सक्रिय, म्हणजे मुद्दाम सच्छिद्र केलेल्या, कोळशातल्या छिद्रांचं क्षेत्रफळ सुमारे 1000 चौरस मीटर असतं. चिमूटभर काळ्या भुकटीत दहा गुंठे! मात्र हा कोळसा थोडा मिथेनही ओढून घेतो, आणि तो कमावलेला मिथेन वाया जातो.

दोन्हींची मोट बांधायची कल्पना यातूनच आली. 2002 मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात सच्छिद्र सिलिकात (वाळूतलाच मुख्य पदार्थ) पॉलिएथिलीनइमाइन हे अमाइन भरून दाखवलं गेलं. कोळसा सिलिकापेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून तोही अमाइनमध्ये भिजवून, सुकवून वापरला जाऊ लागला. पाणी तापवण्याचा खर्च वाचतो.

पण अमाइन जास्त भरलं तर छिद्रंच बुजतात आणि दहा गुंठ्यांचं एक गुंठाही उरत नाही. गोबरगॅसमध्ये तर कार्बन डायऑक्साइड इतका भरपूर असतो की दाबाखाली साधा कोळसाही बरंच काम करतो. माझ्या मते तिथे अमाइनचा खरा कस वाचलेल्या मिथेनवरच लागतो.