पुस्तक फिरवणं वेगळं, पीडीएफ फिरवणं वेगळं

अमेरिकेतल्या होमस्कूलिंग करणाऱ्या, म्हणजे मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणाऱ्या घरांमध्ये मे-जून आला की देवाणघेवाण सुरू होते. एका घरातल्या मुलीचं तिसरीचं गणित संपलेलं असतं, दुसऱ्या घरात ते सुरू व्हायचं असतं. मग एका दमात दोन मागण्या येतात: पुस्तक द्याल का, आणि पीडीएफ पाठवाल का? पैसे दोन्हींसाठी मोजलेले, म्हणून दोन्ही सारखंच वाटतं. कायद्याच्या लेखी मात्र ते सारखं नाही. दिल्यानंतर देणाऱ्याकडे काय उरलं, एवढंच पाहायचं. काही उरलं नाही, तर वस्तू या हातातून त्या हातात गेली. दोघांकडेही राहिली, तर नवी प्रत तयार झाली, आणि प्रती काढायचा हक्क काही तुम्ही विकत घेतलेला नव्हता.

छापील पुस्तकाचं उत्तर जुनं आहे. एका प्रकाशकाने कादंबरीवर 'एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विकू नये' असं छापलं होतं, मेसीजच्या दुकानाने ती 89 सेंटला विकली. 1908 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. विकत घेतलेली प्रत पुढे हवी तशी देण्या-विकण्याचा हा हक्क आज अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या कलम 109 मध्ये आहे. त्यामुळे रीतसर घेतलेलं पुस्तक उसनं द्या, विका, तिघांत वर्गणी काढून घ्या आणि आळीपाळीने वापरा. प्रकाशकाला विचारायची गरज नाही. वर्गणीच्या संचात भांडण होतं ते वेगळ्याच कारणाने: शेवटी संच कोणाचा, हे कोणी ठरवलेलं नसतं. 120 डॉलरचा संच तिघांनी 40-40 देऊन घेतला, तर कोण कधी वापरणार आणि शेवटी विकून आलेले पैसे कसे वाटायचे, हे आधीच लिहून ठेवावं.

घोळ होतो तो वर्कबुकात. सिंगापूर मॅथच्या प्रायमरी मॅथेमॅटिक्स या गणिताच्या पुस्तकमालेच्या अमेरिकी आवृत्तीत 3ए आणि 3बी असे दोन भाग, आणि प्रत्येक भागाला वेगळं टेक्स्टबुक व वेगळं वर्कबुक. टेक्स्टबुकात लिहायचं नसतं, ते चार मुलांच्या हातून सहज जातं. वर्कबुक एका मुलाने भरून संपवायचं, म्हणून लोक कोरं असतानाच त्याच्या झेरॉक्स काढून वाटतात. हे चालत नाही. 1976 चा कॉपीराइट कायदा झाला तेव्हा शाळांसाठी झेरॉक्सचे काही संकेत ठरले. त्यांतही वर्कबुक आणि चाचण्या स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. 'फक्त घरातल्या मुलांसाठी प्रती काढायला परवानगी' असं काही प्रकाशक कॉपीराइटच्या पानावर छापतात; ती परवानगी त्या घरापुरतीच, शेजाऱ्यांच्या मुलांना लागू होत नाही.

यावर साधा उपाय आहे: प्रतच काढायची नाही. मुलाने उत्तरं वेगळ्या वहीत लिहावीत, समासात पान आणि प्रश्नाचा क्रमांक टाकावा. आकृती रंगवायची असेल तर पानावर पारदर्शक प्लास्टिक ठेवून पुसता येणाऱ्या मार्करने काम करावं आणि त्याच दिवशी पुसावं. चार दिवस राहिलं की शाई धरते आणि पुढच्या मुलाला आधीचं उत्तर दिसतं. घेताना आवृत्ती मात्र जुळवून बघा. शिक्षकांचं मार्गदर्शक जुनं आणि वर्कबुक नवं असलं, की पानांचे क्रमांक जुळेनासे होतात. सोबत ऑनलाइन कोड असेल तर तो बहुधा एकदाच चालतो. वापरलेल्या संचात तो धरूनच चालू नका.

पीडीएफचं गणित उलटं. भारतातून गेलेल्या पालकांची इथे हमखास गफलत होते, कारण एनसीईआरटी आणि बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घ्यायची सवय असते. विकत घेतलेल्या पीडीएफला तो न्याय लागत नाही. ईमेलने पाठवली की दुसरी प्रत झाली, ड्राइव्हवर सगळ्यांसाठी ठेवली की जितके उतरवतील तितक्या. 'मी माझ्याकडची पुसून टाकते' हाही बचाव टिकत नाही: विकत घेतलेली गाणी अशीच पुन्हा विकू देणाऱ्या रीडिजी कंपनीविरुद्ध 2018 मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला, कारण फाइल दुसरीकडे पाठवताना नवी प्रत बनतेच. काही विक्रेते प्रत्येक पानाच्या तळाशी खरेदीदाराचं नाव किंवा ऑर्डरचा क्रमांक उमटवतात, तेव्हा कुठून गळली हे लपत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमाचा पासवर्ड वाटणं बहुधा विक्रेत्याशी झालेल्या कराराचा भंग. शिवाय दोन मुलांची उत्तरं एकाच खात्यात मिसळतात. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात मुलाच्या कामाचा पोर्टफोलिओ दाखवावा लागतो, तिथे असली नोंद कुचकामी.

को-ऑपमध्ये पाच-सहा घरं मिळून एक विषय शिकवतात, तेव्हा घरगुती परवाना पुरत नाही. शिकवणारीने आपलं मार्गदर्शक वापरावं, मुलांची पुस्तकं प्रत्येक घराने स्वतःची घ्यावीत. टपालखर्च वाचवायला एकत्र मागवली तरी चालतं. पीडीएफच हवी असेल तर विक्रेत्याला 'वर्गासाठी परवाना आहे का' असं सरळ विचारावं, अनेकांकडे तो असतो.

शेवटचा प्रकार कॅलिफोर्नियातल्या चार्टर शाळांचा, म्हणजे सरकारी पैशांवर पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या शाळांचा; त्यांतल्या काहींत घरी शिकणाऱ्या मुलांचीही नावं घालता येतात. तिथे शाळेच्या पैशांतून घेतलेली, पुन्हा वापरता येणारी पुस्तकं घरी ठेवायला मिळतात, पण ती शाळेची मालमत्ता असतात. घर बदललं किंवा चार्टर सोडली की परत द्यायची. म्हणून जुनी पुस्तकं विकायच्या ढिगात टाकण्याआधी आतल्या पानावर शाळेचा शिक्का किंवा बारकोड आहे का, ते बघा.