क्रेडिट नसणं आणि क्रेडिट खराब असणं: अमेरिकेत भाड्याने घर शोधताना होणारा घोळ

मागच्या उन्हाळ्यात एकाच आठवड्यात मला दोन फोन आले. पहिला भाच्याचा. तो मास्टर्ससाठी नुकताच अमेरिकेत आला होता आणि अपार्टमेंटसाठी केलेला त्याचा अर्ज नामंजूर झाला होता. "मामा, माझं क्रेडिट खराब आहे म्हणे." क्रेडिट म्हणजे उधारी फेडण्याचा तुमचा इतिहास. दुसरा फोन एका जुन्या मित्राचा. बारा वर्षं इथे राहतोय, नोकरी उत्तम, पण त्याचाही अर्ज नामंजूर आणि तक्रारही तीच. मित्राचं क्रेडिट खरंच खराब होतं. भाच्याचं मात्र खराब व्हायला मुळात अस्तित्वातच नव्हतं.

नकार दोघांना सारखाच मिळाला, म्हणून दुखणंही एकच असेल असं वाटतं. उपाय करायला गेलं की फरक कळतो. एकाचं औषध दुसऱ्याने घेतलं तर पैसेही जातात आणि महिनेही.

अमेरिकेत तुमच्या कर्जाची आणि कार्डांची नोंद एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन संस्था ठेवतात. त्या नोंदींवरून स्कोअर निघतो. सर्वांत जास्त वापरला जाणारा फायको स्कोअर ३०० ते ८५० मध्ये असतो आणि तो निघायला किमान एक खातं सहा महिने जुनं असावं लागतं. नवख्या माणसाचा स्कोअर शून्य असतो असा एक समज आहे, पण शून्य असा स्कोअरच नाही. स्कोअर नाही, एवढंच. भारतात तुमचा सिबिल ७८० असला तरी तो या तीन संस्थांच्या नोंदीत आपोआप येत नाही. विमानतळावर उतरताना तुमची पाटी कोरी असते.

आता ते नकाराचं पत्र. बहुतेक जण वैतागून ते न वाचताच टाकून देतात, आणि नेमकं तेच वाचायला हवं. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट या १९७० च्या कायद्यानुसार, क्रेडिट रिपोर्ट पाहून घरमालकाने नकार दिला, जास्त डिपॉझिट मागितलं किंवा गॅरेंटर, म्हणजे भाड्याची हमी घेणारा जामीनदार, आणायला सांगितलं, तर तसं कळवणं आणि रिपोर्ट कुठल्या संस्थेकडून घेतला ते सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. त्यानंतर ६० दिवसांच्या आत त्या संस्थेकडून तुम्हाला रिपोर्टची प्रत फुकट मिळते. निर्णयात स्कोअर वापरला असेल तर तो आकडा आणि तो कमी असण्याची मुख्य कारणंही कळवावी लागतात.

मी दोघांनाही पत्राचा फोटो पाठवायला सांगितला. भाच्याच्या पत्रात स्कोअरचा आकडाच नव्हता, पुरेशी माहिती सापडली नाही एवढंच लिहिलं होतं. मित्राच्या पत्रात ५८८ हा आकडा होता आणि कारणांत सर्वांत वर कलेक्शन खातं, म्हणजे वसुली कंपनीकडे गेलेली थकबाकी. चौकशी केली तर निघालं जुन्या घराचं शेवटचं विजेचं बिल, ११२ डॉलर. घर बदलल्यावर ते जुन्या पत्त्यावर जात राहिलं आणि शेवटी वसुलीवाल्यांकडे गेलं. एवढ्या चांगल्या पगाराच्या माणसाला ११२ डॉलरपायी घर नाकारलं जातं, याचं मला अजून वाईट वाटतं.

दोन्हींतला सर्वांत मोठा फरक काळाचा आहे. खराब नोंद जुनी होत जाते तसा तिचा जोर ओसरतो, आणि बिल पहिल्यांदा थकल्यापासून साधारण ७ वर्षांनी ती रिपोर्टवरून निघावी लागते. काही प्रकारच्या दिवाळखोरीला १० वर्षं लागतात. कोऱ्या पाटीला असा काळाचा फायदा नाही. डेबिट कार्ड वापरत, वेळेवर भाडं भरत पाच वर्षं काढा, पाटी कोरीच राहू शकते. भरलेलं भाडं सहसा या संस्थांपर्यंत पोचतच नाही. थकवलेलं भाडं मात्र वसुलीला गेलं की पोचतं. हा अन्याय आहे, पण व्यवहार तसाच चालतो.

घरमालकाची शंकाही दोघांच्या बाबतीत वेगळी असते. कोऱ्या पाटीबद्दल तो विचारतो, हा माणूस आहे कोण? त्याचं उत्तर दुसऱ्या कागदांनी देता येतं. भाच्याला मी मोठ्या कॉम्प्लेक्सचा नाद सोडायला सांगितलं, कारण तिथे सॉफ्टवेअर ठरवतं आणि त्यापुढे लीजिंग ऑफिसमधल्या माणसाचंही फारसं चालत नाही. शेवटी त्याला एका दुमजली घराचा तळमजला मिळाला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकीणबाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर असिस्टंटशिपचं (विद्यापीठातल्या कामाच्या मानधनाचं) पत्र पसरलं, महिन्याच्या रकमेवर बोट ठेवून ती दोनदा वाचली, बँक स्टेटमेंट पाहिलं आणि चावी दिली. त्याच आठवड्यात त्याने २०० डॉलर अनामत ठेवून सिक्युअर्ड कार्ड काढलं. फोनचं बिल त्यावर टाकायचं आणि दर महिन्याला पूर्ण फेडायचं. सातव्या महिन्यात त्याला पहिला स्कोअर दिसला.

मित्राने पगाराची पत्रं कितीही दाखवली असती तरी भागलं नसतं, कारण पगाराबद्दल शंकाच नव्हती. पुन्हा असं करणार का, हा खरा प्रश्न होता. अशा वेळी आधी पूर्ण रिपोर्ट वाचावा. नोंद चुकीची असेल तर हरकत घ्यावी, संस्थेला ती साधारण ३० दिवसांत तपासावी लागते. मित्राची नोंद खरी होती. त्याने पैसे भरून लेखी पोच घेतली आणि पुढच्या अर्जासोबत दोन ओळी जोडल्या: काय झालं, कधी झालं, आणि त्यानंतर एकही बिल थकलेलं नाही. पैसे भरल्याने नोंद पुसली जात नाही आणि ७ वर्षांची मोजणीही पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. काही नव्या स्कोअर पद्धतींत फेडलेलं कलेक्शन धरलं जात नाही, पण घरमालक कुठली पद्धत वापरतो यावर ते अवलंबून.

खराब इतिहास कोरा करून देतो म्हणणारे ठक इथे बरेच आहेत. सोशल सिक्युरिटी नंबरऐवजी (सरकारने दिलेल्या ओळख क्रमांकाऐवजी) वापरायला ते नऊ आकडी 'नवा नंबर' विकतात. अर्जात तो लिहिणं ही फसवणूक ठरते आणि गुन्हा तुमच्या नावावर लागतो.

कोऱ्या पाटीवाले वेगळ्या ठिकाणी फसतात. घाबरून ते सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देऊ करतात. काही राज्यांत ते चालतं, पण न्यूयॉर्कमध्ये २०१९ पासून डिपॉझिट किंवा आगाऊ रक्कम म्हणून एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. तिथे रिवाज आहे तो गॅरेंटरचा. भाडेकरूचं वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या ४० पट आणि गॅरेंटरचं ८० पट मागतात. म्हणजे २,५०० डॉलर भाड्याला गॅरेंटरची कमाई २ लाख डॉलर हवी, आणि तो बहुतेक घरमालकांना अमेरिकेतलाच लागतो. फी घेऊन हमी देणाऱ्या कंपन्याही आहेत. ती फी परत मिळत नाही, आणि भाडं थकलं तर कंपनी ते तुमच्याकडूनच वसूल करते.

एक तिसरा कागद या दोन्हींत मिसळतो: भाडेकरूची पडताळणी करणाऱ्या कंपन्यांचा रिपोर्ट. घर खाली करून घेण्याचे कोर्टातले दावे तिन्ही संस्थांच्या क्रेडिट रिपोर्टवर नसतात, या रिपोर्टवर असू शकतात. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचा दावा आपल्या माथी बसल्याचे प्रकारही होतात. पाटील, जोशी, शहा मंडळींनी तो जरूर मागवून पाहावा.

अर्जाची फी भरण्याआधी फोनवर दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: स्कोअरच नसेल तर तुम्ही काय करता, आणि कलेक्शनची नोंद असेल तर काय करता? दोन्हींना एकच उत्तर आलं तर ती फी दुसऱ्या घरासाठी राखून ठेवा. न्यूयॉर्कमध्ये ती जास्तीत जास्त २० डॉलर असते, आणि मागच्या ३० दिवसांतला रिपोर्ट तुम्ही स्वतः नेलात तर तीही द्यावी लागत नाही.